धुऊन आणलेली गाडी

“आली बघ नवरी, न्हाऊन-धुऊन,” दस्तगीरचाचा म्हणाले आणि हातातला पाना खाली ठेवून गेटाकडे बघत उभे राहिले.

पोपटी रंगाची छोटी गाडी आमच्या वर्कशॉपच्या गेटातून आत येत होती. बाकीच्या गाड्या धुळीनं इतक्या माखलेल्या असायच्या की रंग विचारून घ्यावा लागे, आणि ही अशी चकचकीत की दारात बघून भांग पाडावा. चाकाच्या खाचेतसुद्धा मातीचा कण नाही. गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उभी राहिली आणि मगदूम सर उतरले. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत जाड वही.

“सातवी खेप,” सर म्हणाले. “तक्रार तीच. चढाला लागली की धापा टाकते आणि बंद पडते. दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते.”

“बघतो सर,” मी म्हणाले, आणि जीभ चावली. वर्कशॉपमध्ये सगळ्या पुरुषांत राहून मीही ‘बघतो’, ‘करतो’ म्हणायला लागले होते.

“बघते,” सर म्हणाले.

“बघते सर.”

मगदूम सर म्हणजे गडहिंग्लजच्या आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला मुख्याध्यापक काही निवृत्त झाला नव्हता. आमच्या वर्कशॉपमधली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. सर गेटातून आत आले की वॉशिंगवाला रेडिओ बंद करायचा आणि कॅशियर शर्टाचं वरचं बटण लावायचा.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून नोकरीला लागले होते आणि निळा डगला घालून गाडीखाली शिरणारी तिथली एकटी मुलगी होते. मला त्याचा भारी अभिमान होता. नखांतलं काळं ऑइल मी मुद्दाम पूर्ण घासत नसे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

सरांची वही उघडली. आडवे-उभे रकाने. तारीख, वार, वेळ, ठिकाण, वेग, हवामान, गाडीत माणसं किती. छापल्यासारखं अक्षर. एका रकान्याचं नाव होतं ‘लक्षणे’. त्यात कुठं ‘धाप’, कुठं ‘हुंदका’, कुठं ‘मौन’.

गेल्या सहा खेपांत आम्ही काय काय केलं नव्हतं? प्लग बदलले, कॉइल बदलली, टाकीतला पंप बदलला, सेन्सर बदलले. कॉम्प्युटर लावला तर तो म्हणायचा, गाडी ठणठणीत. आमच्यातल्या प्रत्येकानं ती चढावर पिदडून आणली, पण आमच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. पोटात कळ यावी आणि डॉक्टर दिसला की थांबावी, तसला प्रकार.

“आता ह्यात बदलायचं काय ऱ्हायलंय?” दस्तगीरचाचा हळूच म्हणाले. “निस्ती नंबरप्लेट ऱ्हायलीया.”

तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस तो. गालात तंबाखूची गोळी आणि हातात जादू. त्यांनी हात टेकले म्हणजे संपलंच.

अर्ध्या तासानं मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आमचे मॅनेजर रेगेसाहेब पुण्याहून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण जगातली प्रत्येक वस्तू कुठं ठेवायची याचा आराखडा त्यांच्या डोक्यात तयार असे. माझी जागा त्या आराखड्यात रिसेप्शनच्या काउंटरवर होती. मोरपंखी साडी, समोर कॉम्प्युटर, ‘नमस्कार, आपल्याला काय सेवा देऊ?’

“चौगुले,” साहेब म्हणाले, “कंपनीचे साहेब सोमवारी येतायत. मगदूमांनी कंपनीला अकरा पत्रं लिहिलीयत, मुद्द्यांना नंबर घालून. ही गाडी तुमच्याकडे देतोय. शनिवारपर्यंत दोष शोधा.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर एक तारखेपासून काउंटर. मी कधीचा म्हणतोय तुम्हाला, ते काम तुम्हाला शोभेल.”

म्हणजे जे दस्तगीरचाचांना जमलं नाही ते मी चार दिवसांत करायचं, नाहीतर साडी नेसून खुर्चीत बसायचं. मला तिथंच रडू आलं असतं, पण साहेबांच्या देखत रडायचं नाही एवढा माज माझ्यात होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी सामानगडाच्या चढावर नेली. एकदा नव्हे, चार वेळा. पहिल्या गिअरवर, दुसऱ्यावर, दाबून, सोडून. गाडी भजन म्हणत असल्यासारखी गुणगुणत वर गेली. परत येऊन बॉनेट उघडलं. आतही तसंच. बॅटरीवर धूळ नाही, पाइपांवर धूळ नाही. सर गाडी सर्व्हिसिंगला आणताना आतूनसुद्धा पुसून आणायचे. ‘दवाखान्यात जाताना माणूस आंघोळ करून जातो,’ असं ते एकदा कॅशियरला म्हणाले होते. पुढच्या पट्टीला एक सुतळीचा तुकडा गाठ मारून लोंबत होता. मी तो बोटानं हलवला आणि सोडून दिला. गाडीत सुतळी कुठंही असते.

संध्याकाळी सर गाडी घेऊन गेले आणि मी वहीच्या पानांचे काढलेले फोटो घेऊन बसले. तेव्हा एक गोष्ट दिसली. आमच्या वर्कशॉपच्या अलीकडे, संकेश्वर रस्त्यावर एक चढ आहे. तिथं गाडी पाच वेळा बंद पडली होती. पाचही वेळा सर आमच्यावरून पुढे, कुठल्या तरी शाळेत व्याख्यानाला चालले होते. आमच्याकडे येताना त्याच चढावर ती एकदाही बंद पडली नव्हती. तोच रस्ता, तीच गाडी, तोच चालक. मग आमच्याकडे येतानाच काय वेगळं होतं?

मी सरांना फोन लावला.

“सर, आमच्याकडे यायच्या आधी तुम्ही गाडीला काय करता?”

“धुतो.”

“आणखी?”

“धुतो, पुसतो. दुसरं काय करणार?”

“उद्या गुरुवार. तुम्ही व्याख्यानाला जाणार ना? मी येते तुमच्याबरोबर.”

“नको,” सर झटक्यात म्हणाले. “म्हणजे... तुला कशाला त्रास.”

सरांच्या तोंडून मी असं अर्धवट वाक्य कधी ऐकलं नव्हतं. पण मला तेव्हा माझंच पडलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. शनिवार, काउंटर, मोरपंखी साडी.

शेवटी सर म्हणाले, “सकाळी सात वाजता ये.”

“येते. पण सर, एक शब्द द्या. गाडी धुवायची नाही. तिला हातच लावायचा नाही. आज संध्याकाळी चालवून आणल्यावर रोज जशी ठेवता तशीच ठेवायची.”

“रोज ठेवतो तशी?”

“अगदी तशी.”

“बरं,” सर म्हणाले. “दिला शब्द.” त्यांचा आवाज एखाद्याला दात काढायला बसवावं तसा झाला होता.

सरांचं व्याख्यान म्हणजे व्यसनमुक्तीचं. दर गुरुवारी एक शाळा. मागच्या सीटवर तक्ते, फुप्फुसाचं मोठं चित्र, आणि प्लास्टिकचा जबडा. हे काम त्यांनी आमच्या शाळेतच सुरू केलं होतं. होळीला सगळ्या मुलांनी घरातली तंबाखू, चंची, विडीचं बंडल जे असेल ते आणायचं आणि मैदानातल्या होळीत टाकायचं. मी सातवीत होते. मी वडिलांची चंची आणली होती.

“ती होळी आठवते ना?” सर गाडी चालवता चालवता म्हणाले. “तुझे वडील शाळेत आले होते.”

“आठवतं की सर. दादा म्हणाले होते, तंबाखू जाळा, पण माझी चुन्याची पितळी डबी तेवढी परत द्या.”

“मी दिली नाही.”

“नाही दिलीत. महिनाभर दादा माझ्याशी बोलले नव्हते. पण परत चंचीही घेतली नाही त्यांनी.”

एरवी एवढं ऐकून सर खुलले असते. त्या दिवशी ते नुसते ‘हं’ म्हणाले. स्टिअरिंगवरचे हात आवळलेले. सारखे ओठ पुसत होते. मला वाटलं, गाडी बंद पडेल म्हणून काळजी करतायत. मी तर देवाला हात जोडून बसले होते की बाबा रे, एकदाची बंद पड.

देवानं ऐकलं. सामानगडाच्या चढावर दुसरं वळण घेतलं आणि सरांनी पाय दाबला तशी गाडी थरथरली. एक धाप, मग हुंदका, मग मौन. वहीत लिहिलेलं अगदी तंतोतंत.

“पडली!” मी टाळी वाजवून ओरडले. दुसऱ्याची गाडी बंद पडली म्हणून एवढी खूश झालेली बाई त्या रस्त्यानं याआधी बघितली नसावी.

सरांनी हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला. “आता दहा मिनिटं थांबायचं.”

“सर, बॉनेटचा खटका ओढा.”

“गरम असेल.”

“असू दे.”

“हात भाजेल तुझा.”

“सर, माझं कामच ते आहे. ओढा.”

सर दाराशी उभे राहिले. एक मोटारसायकलवाला आम्हाला बघून थांबला, “काय मदत करू काय सर?” म्हणाला. सर इतक्या घाईनं “नको, नको, जा तू!” म्हणाले की तो बिचारा दचकून निघून गेला. मग सरांनी वाकून खटका ओढला, आणि मागं न बघता रस्त्याच्या कडेला जाऊन दरीकडे तोंड करून उभे राहिले.

मी बॉनेट उचललं.

आधी वास आला. तो वास मला डोळे मिटूनही ओळखता आला असता, कारण लहानपणी दादांच्या शर्टाला तोच यायचा. पुढच्या पट्टीला सुतळीनं बांधलेली एक पुरचुंडी लोंबत होती. जुन्या धोतराच्या पातळ कापडाची, नारळाएवढी. आत तंबाखूची पानं.

मगदूम सरांच्या गाडीत तंबाखू! मी पुरचुंडीकडे बघितलं, मग सरांच्या पाठीकडे बघितलं, मग मागच्या सीटवरच्या प्लास्टिकच्या जबड्याकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघून हसत होता.

“उंदरांसाठी आहे ते,” सर दरीला म्हणाले.

“काय सर?”

ते वळले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “उंदीर वायरी खात होते. तीन वेळा तुमच्याकडूनच बदलून घेतल्या. फवारे झाले, गोळ्या झाल्या, पिंजरा झाला. मग शेजारचे डॉक्टर म्हणाले, तंबाखूची पानं बांधा, वासानं येत नाहीत. आणि खरंच येत नाहीत.”

“पण आणली कुठून?”

“इथं कसा घेणार मी? सगळ्या टपऱ्या मीच शाळेपासून लांब हलवायला लावलेल्या. एसटीनं निपाणीला गेलो. टोपी घातली, मफलर गुंडाळला. दुकानदारानं वर बघितलं आणि म्हणाला, ‘नमस्कार सर, मी तुमचा दहावी ब चा.’”

मी ओठ दाताखाली धरला.

“हसू नकोस. मी त्याला म्हणालो, पाहुण्यांसाठी हवीय. चौतीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याशी खोटं बोललो नव्हतो गं मी.” सरांनी चष्मा काढून पुसला. “मग तुमच्याकडे यायचं झालं की मी ती काढून ठेवायचो. वास राहू नये म्हणून आतून सगळं पुसायचो. तुमच्याकडे निम्मी माझी मुलं. त्यांनी बॉनेट उघडून हे बघायचं? आणि रस्त्यात बंद पडली तर मी बॉनेटच उघडत नव्हतो. चार माणसं जमतात.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हसू तिथंच राहिलं. ही पुरचुंडी ज्या दिवशी गाडीत असे त्या दिवशी गाडी बंद पडे, आणि ज्या दिवशी सर ती काढून आमच्याकडे आणत त्या दिवशी गाडी शहाणी होई. आणि ती लोंबत होती कुठं? इंजिनाला हवा आत घेणारी जी जाड काळी नळी असते, तिच्या उघड्या तोंडासमोर. वीतभर अंतरावर.

“सर, आत बसा. गाडी चालू करा.”

“अजून दहा मिनिटं झाली नाहीत.”

“करा तर.”

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. दहा मिनिटांची काही गरज नव्हतीच.

“आता न्यूट्रलमध्ये रेस द्या. आणखी. दाबा सर, पूर्ण दाबा!”

पुरचुंडी आधी नुसती हलली. मग तिचं कापड फुगलं, ती नळीच्या तोंडाकडे ओढली गेली, आणि चप्पकन तोंडावर जाऊन बसली. इंजिनानं धाप टाकली. हुंदका दिला. बंद पडलं. तशी पुरचुंडी सुटली आणि पुन्हा जागेवर येऊन लोंबायला लागली, जसं काही आपण त्या गावचेच नाही.

मी रस्त्याच्या मधोमध नाचले. खरंच नाचले. मग सरांना उतरवलं, स्वतः रेस दिली आणि त्यांना बघायला उभं केलं. त्यांनी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा ते पुरचुंडीला म्हणाले, “अगं कैदाशिणी!”

“चढावर इंजिन जास्त हवा ओढतं सर. म्हणून चढावरच.”

सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “म्हणजे एवढे सगळे पंप आणि सेन्सर... आणि ती माझी अकरा पत्रं... सगळं माझ्यामुळे?”

“उंदरांमुळे, सर.”

पण ते हसले नाहीत. पुरचुंडी सोडून त्यांनी रुमालात बांधली आणि डिकीत ठेवली. गाडी चढ चढून सरळ वर गेली. शाळेत दोनशे मुलं मांडी घालून बसली होती. सर बोलले, पण नेहमीसारखे नाही. जबडा हातात घेतला आणि पुढचं वाक्यच विसरले. परत येताना मी म्हणाले, “सर, जॉबकार्डवर कारण लिहावं लागतं. मी नुसतं ‘कापड’ लिहीन. काळजी करू नका.”

सरांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मला वाटलं, त्यांना तेच हवं होतं.

शुक्रवारी मी लिहिलं : ‘हवेच्या नळीसमोर बाहेरचे कापड अडकत होते. काढले. गाडी ठीक.’ रेगेसाहेबांनी ते दोनदा वाचलं.

“कुठलं कापड?”

“होतं एक सर.”

“सात वेळा बॉनेट उघडलं. कोणाला दिसलं नाही ते?”

“तेव्हा नव्हतं.”

“मग आलं कुठून? कोणी ठेवलं? कुठाय ते?”

मी खाली कार्डाकडे बघितलं. साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं. “चौगुले, कंपनीला काय सांगू? सहा वेळा नव्हतं, सातव्यांदा तुम्हाला एकटीलाच दिसलं आणि आता तेही नाही? हे तुम्ही रचलंय असं मी म्हणत नाही. पण मी हे स्वीकारू शकत नाही. सोमवारी एक तारीख आहे. साडीचं माप देऊन ठेवा.”

बाहेर दस्तगीरचाचा माझ्यावर उखडले. “आगं, कुणाचं कापाड ते सांग की! गप का ऱ्हायलीस मुकीगत?”

“नाही सांगता येत चाचा.”

“मग बस जा काउंटरवर, पावडर लावून!” ते म्हणाले आणि तोंड फिरवून कामाला लागले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, हे त्यांच्या हातोड्याच्या आवाजावरून कळत होतं.

घरी जाऊन मी पोटभर रडले. सरांचं नाव मी घेणार नव्हते. त्यांनी मला ‘बघते’ म्हणायला शिकवलं होतं, माझ्या बापाची तंबाखू सोडवली होती. पण गाडीखाली शिरायचं ते सुख गेलं म्हणून जीव तुटत होता. दोन्ही एकदमच खरं होतं.

शनिवारी सकाळी दहाच्या चहाला आम्ही सगळे शेडमध्ये जमलो होतो. गेटातून पोपटी गाडी आत आली. कोणी ती पटकन ओळखली नाही, कारण ती काचेपर्यंत चिखलानं भरली होती. सर उतरले आणि शाळेत प्रार्थनेला उभे राहायचे तसे शेडच्या मध्ये उभे राहिले. कॅशियरचा हात बटणाकडे गेला.

“इथं माझे विद्यार्थी कोण कोण आहेत?”

अकरा हात वर झाले. त्यात एक वॉचमनचा होता.

“पुढे या. रेगे, तुम्हीही या.”

रेगेसाहेब त्यांचे विद्यार्थी नव्हते, पण आले. सरांनी स्वतः बॉनेट उघडलं. पुरचुंडी जागच्या जागी बांधलेली होती. “ही तंबाखू आहे,” सर खणखणीत आवाजात म्हणाले. “माझी आहे. मी निपाणीहून आणली, उंदरांसाठी. तुमच्याकडे येताना लाजेपोटी काढून ठेवत होतो, म्हणून तुम्हा कोणाला दोष सापडला नाही. हिला सापडला. हिनं माझं नाव सांगितलं नाही. नीलांबरी, रेस दे.”

मी रेस दिली. धाप, हुंदका, मौन. अकरा विद्यार्थी आणि एक मॅनेजर पुरचुंडीकडे डोळे विस्फारून बघत होते. मग वॉचमनला पहिलं हसू फुटलं, आणि बघता बघता सगळी शेड हसायला लागली. मी घाबरून सरांकडे बघितलं. त्यांचे खांदेही हलत होते.

सरांनी जॉबकार्ड मागून घेतलं, कारणाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. रेगेसाहेबांनी ते वाचलं. “कंपनीला असं उत्तर आजपर्यंत कुणी पाठवलं नसेल,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “चौगुले, साडीचं राहू द्या.”

दस्तगीरचाचा पुरचुंडी हुंगत होते. “सर, पानं झकास हाईत. तुमाला आता नको असली तर...”

“दस्तगीर,” सर म्हणाले, “खिशात काय आहे?”

पाच मिनिटांत बॉनेटवर सात पुड्या आणि दोन डब्या जमा झाल्या. तंबाखूची कबुली द्यायला आलेला माणूस सगळ्या वर्कशॉपची तंबाखू जप्त करून निघाला. जाताना मला बाजूला बोलावलं.

“तू कार्डावर खरं का लिहिलं नाहीस?”

“सर, तुमचं नाव...”

“माझं नाव सांभाळायला मी आहे. कारणाचा रकाना अर्धवट ठेवायला मी शिकवलं होतं?”

“नाही सर.”

“‘मी कारण पूर्ण लिहीन.’ शंभर वेळा. उद्या दहा वाजता घरी आणून दाखव.”

मला वाटलं, थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. नोकरी करणारी, तेवीस वर्षांची मी घरी पाटावर बसून वही लिहीत होते आणि आई दारातून बघून कपाळाला हात लावत होती. चाचा तर म्हणाले होते, येक लिवून झेरॉक्स काढ.

आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, पोरं हाताखाली आहेत, आणि ही गोष्ट मी त्यांना एवढ्यापर्यंतच सांगते. पुढचं आजच सांगते आहे.

रविवारी दहाला मी वही दिली. सरांनी बोट ठेवून एकेक ओळ मोजली. “सत्त्याण्णव.”

“शंभर आहेत सर.”

“सत्त्याण्णव.”

उरलेल्या तीन तिथंच बसून लिहिल्या. मग सर उठले, आतून दुसरी वही घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. तेच छापल्यासारखं अक्षर. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य : ‘गाडी असेल तशी मी दाखवीन.’

“हे काय सर?”

“तपास,” सर म्हणाले आणि लाल पेन माझ्या हातात दिलं.

मी बोट ठेवून मोजायला लागले. मध्येच अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणून दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. सर तेवढा वेळ टेबलासमोर हाताची घडी घालून उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शंभर भरल्या. मी खाली ‘बरोबर’ लिहिलं, तारीख घातली आणि सही करून वही त्यांना परत दिली.